दोन महानगरांमधील विमानप्रवास: नेमकी फेरी कशी निवडावी

दोन महानगरांमध्ये दिवसाला वीस-पंचवीस विमाने ये-जा करीत असली, तरी तिकीट काढताना बहुतेक प्रवासी भाडे आणि सुटण्याची वेळ एवढे दोनच रकाने पाहतात. अशा मार्गावर सर्वांत मोलाची असते ती फेऱ्यांची वारंवारता, म्हणजे एक विमान हुकले, रद्द झाले किंवा काम लवकर आटोपले तर पुढचे किती वेळात मिळेल ही गोष्ट, आणि नेमका हाच रकाना तिकिटाच्या पानावर नसतो. तो प्रवाशाने स्वतः भरून काढायचा असतो. तो कसा भरावा हे सांगण्याआधी ‘शटल’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहून घेणे उपयोगाचे आहे, कारण आज हा शब्द पुष्कळ सैलपणे वापरला जातो.

रिओ दी जानेरो आणि साओ पाउलो या शहरांदरम्यान १९५९ साली व्हारिग, व्हास्प आणि क्रुझेरो दो सुल या तीन ब्राझिली कंपन्यांनी आपापली वेळापत्रके एकमेकांत गुंफली आणि एकमेकांची तिकिटे मान्य केली, त्यामुळे प्रवाशाला कंपनीचा विचार न करता ठरावीक अंतराने विमान मिळू लागले. या सेवेला ‘पोन्ते आएरेआ’, म्हणजे हवाई पूल, असे नाव पडले. पुढे ३० एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेतील ईस्टर्न एअर लाइन्सने न्यूयॉर्कहून बॉस्टन आणि वॉशिंग्टनकडे जी सेवा सुरू केली, तिच्यात आरक्षण हा प्रकारच नव्हता. प्रवाशाने विमानतळावर यावे, विमानात बसावे आणि भाडे हवेतच चुकते करावे, अशी ती पद्धत होती. विमान भरले आणि एक जरी प्रवासी उरला, तरी त्याच्यासाठी दुसरे विमान सोडण्याची हमी कंपनीने दिली होती. माद्रिद–बार्सिलोना मार्गावर १९७४ मध्ये आणि लंडन–ग्लासगो मार्गावर १९७५ मध्ये याच धर्तीच्या सेवा आल्या.

राखीव विमान आणि त्याचे कर्मचारी दिवसभर नुसते उभे ठेवणे फार महागात पडते, शिवाय आता प्रत्येक प्रवाशाचे नाव उड्डाणापूर्वी यादीत असावे लागते. त्यामुळे त्या जुन्या अर्थाची शटल सेवा आज जवळजवळ उरलेली नाही. जे उरले आहे ते असे: दर तासाला किंवा अर्ध्या तासाला एक फेरी, शक्यतो ठरलेले गेट, चेक-इनची थोडी उशिराची मुदत आणि त्याच दिवशी आधीच्या किंवा नंतरच्या विमानाने जाण्याची सोय. तेव्हा जाहिरातीत ‘शटल’ लिहिले आहे की नाही याला फारसा अर्थ नाही. या चार गोष्टी त्या मार्गावर आहेत की नाहीत ते पाहावे.

वेळापत्रक मोजावे कसे

प्रवासाच्या दिवसाचे संपूर्ण वेळापत्रक समोर घ्यावे आणि पहिले काम म्हणून त्यातली खोटी गर्दी काढून टाकावी. एकच विमान तीन-चार कंपन्या आपापल्या क्रमांकाने विकतात; याला कोडशेअर म्हणतात. समजा, सकाळी ७:०० ते ९:०० या दोन तासांत नऊ ओळी दिसत आहेत. त्यातल्या तीन ओळींची सुटण्याची वेळ ७:१० आणि पोहोचण्याची वेळ ८:२५ अशी अगदी मिनिटापर्यंत सारखी आहे, टर्मिनलही तेच आहे, आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरांत उड्डाण चालवणाऱ्या एकाच कंपनीचे नाव आहे. तर त्या तीन ओळी म्हणजे एकच विमान होय. अशी गाळणी केल्यावर नऊ ओळींची बहुधा चार-पाचच विमाने उरतात.

दुसरे काम म्हणजे उरलेली विमाने कंपनीवार मांडणे. तारीख किंवा वेळ बदलण्याची सवलत सहसा त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानापुरती असते, म्हणून मार्गावर दिवसाला चोवीस फेऱ्या आहेत एवढ्याने काम भागत नाही. त्यांतल्या चौदा एका कंपनीच्या आणि उरलेल्या दहा पाच कंपन्यांच्या प्रत्येकी दोन अशा असतील, तर पहिल्या कंपनीचे तिकीट थोडे महाग असले तरी माझ्या मते तेच घ्यावे, कारण दोन फेऱ्यांवाल्या कंपनीचे सकाळचे विमान रद्द झाले तर तिच्याकडे देण्यासाठी थेट संध्याकाळचे विमान असते. तिसरी गोष्ट शेवटच्या फेरीची. कंपनीची शेवटची फेरी किती वाजता सुटते ते टिपून ठेवावे आणि स्वतःचे आरक्षण तिच्यावर कधीही करू नये. तिच्या आधीच्या फेरीवर करावे, म्हणजे शेवटची फेरी आपल्या मागे राखीव राहते.

उड्डाण क्रमांकांकडेही एक नजर टाकावी. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे जाणाऱ्या विमानांना सम आणि उलट दिशेच्या विमानांना विषम क्रमांक देण्याची चाल बऱ्याच कंपन्यांमध्ये आहे, मात्र ती चालच आहे, नियम नव्हे. त्याहून कामाचा भेद म्हणजे ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ यांतला. डायरेक्ट विमानाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच राहतो, पण ते वाटेत एखाद्या शहरी उतरू शकते. वाटेत कुठेही न उतरणाऱ्या विमानालाच नॉन-स्टॉप म्हणतात. जलद प्रवास हवा असलेल्याने दुसरा शब्द शोधावा.

विमानतळ शहराचा, पण कोणता?

मोठ्या शहराला एकाहून अधिक विमानतळ असतात आणि आरक्षणाच्या संगणकात अशा शहराला एक सामाईक संकेताक्षर असते. लंडनसाठी ‘एलओएन’, न्यूयॉर्कसाठी ‘एनवायसी’, तोक्योसाठी ‘टीवायओ’. शोध या अक्षरांनी केला तर सर्व विमानतळांची विमाने एकाच यादीत मिसळून येतात आणि सर्वांत स्वस्त ओळ बहुधा सर्वांत दूरच्या विमानतळाची असते. तोक्योचे हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटरवर. मिलानचे लिनाते शहराच्या कडेला, तर माल्पेन्सा सुमारे ५० किलोमीटरवर. तासाभराच्या उड्डाणासाठी दोन्ही टोकांना तासाभराचा रस्ता तुडवायचा असेल, तर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत आणि वाचलेली वेळ रांगेत जाते.

म्हणूनच जुने, लहान, शहराच्या कुशीतले विमानतळ या मार्गांसाठी टिकून राहिले आहेत. रिओचे सान्तोस दुमोंत खाडीच्या काठी आहे आणि त्याची मुख्य धावपट्टी जेमतेम १,३०० मीटर लांब आहे, त्यामुळे तेथून मोठी विमाने उडतच नाहीत. साओ पाउलोच्या बाजूला काँगोन्यास भर वस्तीत आहे. सोल शहराचे गिम्पो, तैपेईचे सोंगशान आणि तोक्योचे हानेदा हे तिन्ही जवळचे विमानतळ असून हानेदाहून त्या दोन्हींकडे थेट विमाने जातात. आंतरराष्ट्रीय प्रवासातही जवळच्या विमानतळांची अशी जोडी मिळाली, तर ती सोडू नये. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला १,५०० मैलांची आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाला १,२५० मैलांची अंतरमर्यादा आहे. काही अपवाद वगळले तर त्यापलीकडे तेथून थेट विमाने जात नाहीत, म्हणून हे विमानतळ जवळपासच्या मार्गांनीच गजबजलेले असतात.

तिकीट काढण्यापूर्वी टर्मिनलचा क्रमांकही तपासावा. एकाच विमानतळाच्या दोन टर्मिनलांमध्ये बसने वीस मिनिटे लागू शकतात आणि घाईच्या वेळी ही चूक महागात पडते.

तिकिटावरची वेळ आणि खरी वेळ

तिकिटावर छापलेला कालावधी हवेतला नसतो. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो आणि व्यवसायात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वी घिरट्या घालणे हे सर्व त्यात धरलेले असते, आणि कंपन्या पूर्वानुभव पाहून त्यात काही मिनिटांची भर घालतात. त्यामुळे एकाच मार्गावरच्या दोन फेऱ्यांचा ब्लॉक टाइम वेगळा असू शकतो. पहाटेच्या फेरीला १ तास १० मिनिटे आणि संध्याकाळी सहाच्या फेरीला १ तास ३० मिनिटे छापलेली असतील, तर त्या वीस मिनिटांत विमान हळू उडत नाही. त्या वेळी दोन्हींपैकी एका विमानतळावर गर्दी असते, हे कंपनीने आपल्याला न सांगता सांगितलेले असते. वेळापत्रक वाचताना मला हा आकडा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडावा. माद्रिद–बार्सिलोना हे उदाहरण घेऊ. विमानाचा ब्लॉक टाइम सुमारे सव्वा तास आहे. त्यात शहरातून विमानतळावर जाण्याची ३५ मिनिटे, सुरक्षा तपासणी आणि गेटसाठी एक तास, उतरून बाहेर पडण्याची १५ मिनिटे आणि पुन्हा शहरात शिरण्याची ३५ मिनिटे मिळवली, तर बेरीज ३ तास ४० मिनिटांवर जाते. २००८ पासून धावणारी जलद रेल्वे याच दोन शहरांच्या मध्यवर्ती स्थानकांमधले ६२१ किलोमीटरचे अंतर सुमारे अडीच तासांत कापते. स्थानकावर ये-जा आणि थोडा थांबा धरूनही ती साडेतीन तासांच्या आत बसते. एके काळी जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांत गणला जाणारा हा हवाई मार्ग त्यानंतर ओसरला, त्याचे कारण या बेरजेत आहे. ढोबळ नियम असा धरावा की, रेल्वेचा प्रवास तीन तासांच्या आत असेल तर विमानाचा विचार सहसा करू नये. फ्रान्सने तर २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेची सोय असलेल्या देशांतर्गत मार्गांवर विमानाला बंदी घातली आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नान्त आणि लियोंला जाणारी विमाने त्या कात्रीत सापडली.

जेथे रेल्वे ही बेरीज जिंकू शकत नाही, तेथेच हवाई मार्ग फोफावतो. दक्षिण कोरियातील सोल आणि जेजू बेट यांच्यामध्ये समुद्र आहे. सुमारे ४५० किलोमीटरच्या या मार्गावर वर्षाला एक कोटीहून अधिक आसने उपलब्ध असतात आणि जगातल्या सर्वांत व्यग्र मार्गांच्या यादीत तो वर्षानुवर्षे वरच्या जागी आहे. सिडनी आणि मेलबर्न यांच्यामध्ये रूळ आहेत, पण गाडीला सुमारे अकरा तास लागतात. तोक्यो–साप्पोरोचेही तसेच आहे. जपानमध्ये तर १९७० च्या दशकात अशा आखूड मार्गांसाठी बोइंग ७४७ ची खास आवृत्ती बनवून घेतली गेली आणि तिच्यात पाचशे प्रवासी बसत. आजही त्या मार्गांवर मोठी विमाने धावतात. मोठ्या विमानात चढायला-उतरायला जास्त वेळ लागतो, एवढे लक्षात ठेवून तेथे पुढच्या भागातले आसन घ्यावे.

दिवसातली कोणती फेरी घ्यावी

आखूड मार्गावरचे एक विमान दिवसाला सहा ते आठ फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो. सकाळी एखाद्या फेरीला वीस मिनिटांचा उशीर झाला, की तो दिवसभर पुढे ढकलला जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा दीड तास झालेला असतो. त्यामुळे पहिली फेरी सर्वांत वक्तशीर असते. ते विमान रात्रीपासून तेथेच उभे असते आणि त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही. याला एक अपवाद धुक्याच्या दिवसांचा. धुक्यात पहिल्या दोन-तीन फेऱ्याच सर्वांत जास्त अडतात, म्हणून त्या दिवसांत उन्हे वर आल्यावरची फेरी घ्यावी. गडगडाटी पावसाच्या दिवसांत उलटे करावे, कारण असे ढग बहुधा दुपारनंतर जमतात.

आखूड मार्गांना आणखी एक जाच असतो आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. खराब हवेमुळे एखाद्या विमानतळावर तासाला चाळीसऐवजी पंचवीसच विमाने उतरवता येत असतील, तर जी विमाने लांबून निघून आधीच हवेत आहेत त्यांना परत पाठवता येत नाही. अडवता येतात ती अजून गेट न सोडलेली, म्हणजे अर्थातच जवळच्या शहरांतली. त्यामुळे आपल्याकडे निरभ्र आकाश असताना तासभराच्या प्रवासाला दोन तास थांबवले जाते आणि प्रवासी कंपनीवर चिडतात. रद्द करण्याची वेळ आली तर तेथेही पहिला नंबर याच फेऱ्यांचा लागतो; पुढचे विमान तासाभरात असल्याने दोन फेऱ्यांचे प्रवासी एकात भरणे कंपनीला सोपे जाते.

सकाळी आठची किंवा संध्याकाळी सहाची फेरी आणखी का वाढवत नाहीत, असा प्रश्न पडतो. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्याच्या आणि सुटण्याच्या ठरावीक वेळा, म्हणजे स्लॉट, वाटून दिलेले असतात. त्यांतले किमान ८० टक्के वापरले तरच पुढच्या हंगामात ते कंपनीकडे राहतात. त्यामुळे मोक्याची वेळ कोणी सोडत नाही आणि नव्या कंपनीला ती मिळत नाही. भाडे त्या वेळी चढलेले असते ते यामुळेच. कामधंद्याच्या मार्गावर सोमवार सकाळ आणि गुरुवार-शुक्रवार संध्याकाळ महाग असते, तर मंगळवार-बुधवारची दुपार आणि शनिवार स्वस्त. जेजू किंवा साप्पोरोसारख्या सहलीच्या मार्गावर हेच गणित उलटे होते.

तिकीट, सामान आणि जोडउड्डाण

परतीची वेळ नक्की नसेल तर सर्वांत स्वस्त भाड्याच्या मोहात पडू नये. त्या भाड्याच्या अटींत वेळ बदलण्याचा आकार, त्याच दिवशी आधीच्या विमानाने जाण्याची मुभा आणि रद्द केल्यास मिळणारा परतावा, या तीन ओळी शोधून वाचाव्यात. बाकीचा मजकूर नाही वाचला तरी चालेल. जाण्या-येण्याचे एकच तिकीट असेल आणि जाण्याचा भाग न कळवता सोडून दिला, तर बहुतेक कंपन्या येण्याचा भागही आपोआप रद्द करतात. बैठक पुढे-मागे होण्याची शक्यता असेल तर दोन सुटी तिकिटे काढावीत.

पुढे लांबचे विमान पकडायचे असेल तर मात्र सुट्या तिकिटांचा मोह टाळावा. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असली आणि पहिले उशिरा पोहोचले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी आपल्याला केवळ उशिरा आलेला प्रवासी मानते. विमानतळाने ठरवलेला जोडउड्डाणाचा किमान वेळ हा खरोखरच किमान असतो. फेऱ्या दाट असलेल्या मार्गावर त्या वेळेत बसणाऱ्या फेरीच्या आधीची फेरी घ्यावी.

सामान हातातच ठेवावे. हातसामानाची मर्यादा कंपनीनुसार ७ ते १० किलोच्या आसपास बदलते आणि पॉवर बँक तर हातसामानातच न्यावी लागते. सामान विमानाच्या पोटात ठेवायला दिले की त्याच दिवशी आधीच्या विमानात बदलून जाण्याची वाट बंद होते, हे त्याहून मोठे कारण आहे.

फलकावर विश्वास किती ठेवावा

एका संध्याकाळी ६:४० च्या फेरीसाठी मी सहा वाजता गेटवर बसलो होतो आणि फलकावर ‘वेळेवर’ असे झळकत होते. काचेबाहेर पाहिले तर गेटला विमानच लागलेले नव्हते. मोबाइलवर त्या विमानाची आधीची फेरी शोधली, तेव्हा ते अजून दुसऱ्याच शहरातून निघायचे होते आणि तेथून येण्यास पन्नास मिनिटे लागणार होती. म्हणजे ७:२० च्या आत आमचे उड्डाण शक्यच नव्हते, आणि फलक तरीही ६:२५ पर्यंत ‘वेळेवर’च सांगत राहिला. मी त्याच वेळी ॲपवरून ७:०० च्या फेरीवर बदल करून घेतला. तिचे विमान दोन गेट पलीकडे उभे होते. घोषणा झाली तेव्हा काउंटरपुढे साठ-सत्तर जणांची रांग लागली आणि ७:०० च्या विमानातल्या जागा संपल्या होत्या.

तेव्हा निघण्यापूर्वी दीड तास आपले येणारे विमान कोठे आहे ते पाहण्याची सवय लावावी. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ही माहिती मिळते. येणारे विमान अडकले आहे असे दिसताच ॲप, फोन आणि काउंटर या तिन्ही वाटा एकाच वेळी धराव्यात आणि फोनवर ‘काही करता येईल का’ असे विचारण्याऐवजी हव्या असलेल्या फेरीचा क्रमांकच सांगावा. फेरी रद्द झाली तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड करण्याचा हक्क अनेक देशांत प्रवाशाला आहे. युरोपीय संघात २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने तो दिला आहे. कर्मचारी बहुधा परताव्याचा पर्याय आधी पुढे करतात. तो स्वीकारला की पोहोचवण्याची जबाबदारी संपते, म्हणून दुसऱ्या मार्गाने जाण्याची पक्की सोय हाती येईपर्यंत परताव्याला होकार देऊ नये.